समुपदेशन लांबचं चालेल, फिजिओथेरपी जवळचीच हवी

मनाचा उपचार आणि शरीराचा व्यायाम, दोन्हींसाठी माणसं आधी ‘जवळ कोण आहे’ हेच विचारतात. फिजिओथेरपीला हा प्रश्न अगदी योग्य आहे, मनाच्या उपचारात मात्र तो बऱ्याचदा फसवतो.

मानसोपचारतज्ज्ञ हा एमबीबीएसनंतर एमडी, डीएनबी किंवा डीपीएम केलेला डॉक्टर असतो आणि तो गोळ्या लिहून देतो. चिकित्सा मानसशास्त्रज्ञ चाचण्या आणि थेरपी (बोलण्यातून उपचार) करतो, गोळ्या देत नाही. त्याच्याकडे भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक हवा. नुसत्या ‘समुपदेशक’ पाटीमागे मात्र मानसशास्त्रातलं एमए असू शकतं किंवा शनिवार-रविवारचा कोर्सही. शिक्षण काय, हे सरळ विचारा. चांगला माणूस रागावत नाही.

नात्यातला ताण, परीक्षेची धास्ती, कुणाच्या जाण्याचं दुःख असेल तर समुपदेशकापासून सुरुवात करावी. झोप, भूक आणि रोजचं काम दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं असेल, नसलेले आवाज ऐकू येत असतील किंवा जीव द्यायचे विचार येत असतील, तर आधी मानसोपचारतज्ज्ञ.

सिव्हिलमध्ये जावं की खासगीत? राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून केसपेपर, तपासण्या आणि उपचार मोफत आहेत (वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं यात येत नाहीत). अडचण वेळेची. ओपीडीच्या गर्दीत पाच-दहा मिनिटं मिळतात आणि पुढच्या खेपेला डॉक्टर बदललेला असू शकतो. थेरपीचं एक सत्र 45-50 मिनिटांचं, आठवड्यातून एकदा, आणि अशी साधारण 8 ते 16 सत्रं लागतात. त्यामुळे गोळ्या सिव्हिलमधून आणि थेरपी दुसऱ्या शहरातल्या माणसाकडून व्हिडिओवर, ही जोडी खिशाला परवडते आणि टिकते. लहान गावात ओळखीचं कुणी बघेल ही भीतीही त्यात उरत नाही. नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात, मळमळ मात्र पहिल्याच आठवड्यात होते. म्हणून बरेच जण तिथंच गोळ्या सोडतात, तर काही जण बरं वाटलं की एकदम बंद करतात. दोन्ही महागात पडतं.

टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक मोफत, चोवीस तास आणि मराठीतूनही चालतो. आज रात्रीच बोलायचं असेल किंवा जवळचं सरकारी केंद्र शोधायचं असेल, तर हाच उत्तम. दर आठवड्याला त्याच माणसाशी बोलायचं, तर तो पुरणार नाही.

फिजिओथेरपीचं गणित उलटं. पंधरा किलोमीटरवरचा नामांकित फिजिओ गाठायला जमलं नाही, तर गुडघा आखडतोच. सांधा बदलल्यावर पहिल्या काही आठवड्यांत तो वाकवला नाही, तर पुढे वाकवणं फार अवघड होतं. पक्षाघातात पहिले तीन महिने सर्वांत मोलाचे. म्हणून सुरुवातीला घरी येणारा फिजिओ घ्यावा आणि रुग्ण उभा राहू लागला की क्लिनिक. समांतर दांड्या, पायऱ्या, सायकल घरी नसतात. राज्याच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेची नोंदणी बघा. मालिशवाला हा फिजिओ नव्हे.

पैसे वाया जातात ते बहुधा यंत्रांवर. रोज शेक आणि करंट, व्यायाम शून्य, अशी दहा सत्रं घेऊन खांदा जिथल्या तिथे राहतो. पहिल्याच दिवशी सांधा किती अंश हलतो ते मोजून कागदावर लिहून मागा, घरी करायचे व्यायाम करून दाखवायला सांगा. तीन आठवड्यांत आकडा हलला नाही, तर कारण विचारा. कंबरदुखीसोबत लघवीवरचा ताबा गेला किंवा मांड्यांच्या आतली जागा बधिर झाली, तर फिजिओकडे नाही, त्याच दिवशी रुग्णालयात जा.

पक्षाघातानंतर साधारण तिघांपैकी एकाला नैराश्य येतं. घरचे म्हणतात, ‘आळस करतो, व्यायामच करत नाही.’ फिजिओही हेच सांगू लागला, तर सिव्हिलच्या पुढच्या फेरीत त्याच केसपेपरवर मानसोपचार ओपीडीची चिठ्ठी मागून घ्या.