पोर्टफोलिओ साइटचा रिव्ह्यू पैसे देऊन करून घेतला, ५ पैकी साडेतीन स्टार

सर्व्हिसचं नाव टाकत नाहीये कारण शेवटी थोडी कटकट पण केलीये. प्रकार असा की आपण आपल्या पोर्टफोलिओची, म्हणजे केलेली कामं दाखवणाऱ्या साइटची, लिंक द्यायची, एक फॉर्म भरायचा, मग कोणीतरी अनुभवी डिझायनर ती उघडून बघता बघता बोलतात, त्याचं स्क्रीन रेकॉर्डिंग आपल्याला येतं, सोबत लेखी नोट्स आणि नंतर २० मिनिटांचा कॉल.

घेतलं का, तर तोपर्यंत ज्यांना ज्यांना लिंक पाठवली त्यांच्याकडून 'मस्त गं', 'भारी झालीये' आणि एक अंगठा, एवढंच आलं होतं. त्यांची चूक नाही, मी विचारलंच होतं 'कशी वाटते?' म्हणून, त्यावर माणूस अजून काय बोलणार. इथल्या फॉर्ममध्ये विचारतात की साइट कोणी बघावी, बघून झाल्यावर त्याने काय करावं, आणि कशावर आत्ता बोलायचं नाही. हा तिसरा प्रश्न फार आवडला, मी लिहिलं लोगो सोडा, तो बदलायचाच आहे. पण पहिल्या प्रश्नावरच पाऊण तास अडकले, नोकरी देणारे आणि फ्रीलान्सवाले क्लायंट दोघांना मी एकाच पानावर कोंबलं होतं हे तेव्हा लक्षात आलं.

आता व्हिडिओ. मॅडम साइट उघडतात आणि पाच-सात सेकंद गप्प. मग म्हणतात, "डिझायनर आहेत हे कळलं, कशाच्या ते नाही कळलं." मग कर्सर जातो माझ्या त्या मोठ्ठ्या हलणाऱ्या टायटलवर, क्लिक, काही नाही, परत क्लिक. मी इकडे खुर्चीत बसून "अहो खाली स्क्रोल करा ना" असं ओरडतेय, तेही रेकॉर्डिंगवर! कामं सगळी खालीच होती, पण टायटलने स्क्रीन इतकी भरली होती की खाली काही असेल असा संशयही येऊ नये. हे कोणी लिहून दिलं असतं तर मी वाद घातला असता, तो भरकटलेला कर्सर बघून बोलतीच बंद झाली. पुढे लिफाफ्याच्या आयकॉनवर क्लिक केलं तर त्यांच्या लॅपटॉपवरचं कधीच सेटअप न केलेलं मेल अ‍ॅप उघडलं, अकाउंट टाका म्हणे. ईमेल पत्ता साइटवर कुठेच लिहिलेला नव्हता. म्हणजे कोणाला काम द्यायचंच असेल तरी देऊ शकणार नाही, वा.

नोट्स लिहायची पद्धत पण चांगली आहे, काय दिसलं, त्याने कोणाचं काय अडेल, काय करून बघता येईल. उदाहरणार्थ फोटोंखालच्या ओळी फिक्या करड्या, कॉन्ट्रास्ट (अक्षरं आणि मागचा रंग यांच्यातला उजेडाचा फरक) २.८ ला १, डब्ल्यूसीएजी म्हणजे साइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे नियम, त्यांच्या एए या मधल्या लेव्हलला साध्या मजकुरासाठी किमान ४.५ ला १ लागतो, कमी दिसणाऱ्याला किंवा उन्हात फोन धरलेल्याला वाचता येणार नाही, रंग गडद करा, बाकी काही हलवू नका. यावर राग धरणार कोणावर, करड्यावर?

राग आला तो केस स्टडीवरच्या, म्हणजे एखादं काम कसं केलं ते सांगणाऱ्या भागावरच्या नोटवर. अकरा मॉकअप (तयार डिझाइनची चित्रं) लावले होते आणि सगळीकडे 'आम्ही रिसर्च केला, आम्ही वायरफ्रेम काढल्या', त्याखाली त्यांची एकच ओळ, "यातलं तुम्ही काय केलं?" डोक्यातच गेलं. तिरीमिरीत लांबलचक मेल टाइप केला की टीम केवढी होती, माझ्याकडे कोणता भाग होता, चेकआउटचा एक लांब फॉर्म तीन पायऱ्यांत तोडायची कल्पना माझी होती, पहिल्या वेळी ती का नाकारली गेली, मग काय दाखवून पटवलं, सगळं. नशीब पाठवला नाही. दोन दिवसांनी ड्राफ्ट उघडला तर च्यायला केस स्टडी तर इथे लिहिलीये! टोमणे काढून टाकले आणि तेच साइटवर चिकटवलं.

आता दीड स्टार का कापला. पाच दिवसांत देतो म्हणाले, नऊ लागले. फोनवर साइट उघडलीच नाही, आणि माझ्या मोबाइल मेनूची फुली इतकी बारीक आहे की अंगठ्याने तीनदा दाबावी लागते, हे मला नंतर स्वतःलाच सापडलं. स्पीडबद्दल फक्त 'साइट जरा स्लो वाटते', मोजलं काहीच नाही. मी लाइटहाउस (गुगलचं साइट तपासायचं टूल) चालवून बघितलं तर एलसीपी, म्हणजे स्क्रीनवरचा सगळ्यात मोठा भाग दिसायला लागणारा वेळ, ६ सेकंदांच्या वर, हवा असतो अडीचच्या आत, सगळा दोष वर लावलेल्या व्हिडिओचा. आणि एक नोट होती की हिरवा काढून निळा करा, जास्त प्रोफेशनल दिसेल. कॉलवर विचारलं का, तर म्हणे "मला पर्सनली निळा बरा वाटतो." बरं. कॉन्ट्रास्टमध्ये हिरवा पास होतोय, ठेवलाय.

घेणार असाल तर फॉर्ममध्येच 'फोनवर पण बघा' असं स्पष्ट लिहून टाका. आणि कॉलवर एकेका नोटचं स्पष्टीकरण देत बसू नका, माझी वीसपैकी पहिली आठ मिनिटं त्यातच गेली आणि मॅडम बिचाऱ्या 'हो, बरोबर' म्हणत ऐकत बसल्या.