इनबाल : काही महिने ऐकून, पाहून आणि नाचून

न्यू जर्सीत आमच्या घराजवळच्या सभागृहात दर आठवड्याला इस्रायली लोकनृत्यांचा वर्ग भरतो. मी हिवाळ्यापासून तिथे जाते. येणाऱ्यांत साठी ओलांडलेले जास्त, निम्म्यांचे गुडघे कुरकुरणारे, पण शेवटचं गाणं संपल्याशिवाय कोणी बूट बदलायला बसत नाही. तिथल्या नाचांपैकी ‘यमनी’ म्हणून ओळखले जाणारे नाच मला विशेष आवडू लागले. त्यांचा माग काढत तेल अवीवच्या इनबाल नृत्यनाट्य संस्थेपर्यंत पोचले आणि तिथून दोन बायकांपर्यंत : संस्था उभी करणाऱ्या सारा लेवी-तनाई आणि तिथल्या नर्तकी मार्गालित ओवेद. तेव्हापासून स्वयंपाक करताना इनबालची जुनी ध्वनिमुद्रणं, रात्री चित्रफिती आणि वर्गात पावलं असा तिहेरी वापर चालू आहे. पुढचं मत तज्ज्ञाचं नाही, गिऱ्हाइकाचं आहे.

लेवी-तनाईंची ओळख बहुतेक ठिकाणी ‘यमनी ज्यूंची लोककला जपणाऱ्या’ अशी करून देतात. ती मनात धरून बसाल तर लवकरच चिडाल. यमनच्या खेड्यातला नाच जसाच्या तसा त्यांच्या रंगमंचावर नाही, आणि तो तसा ठेवायचा त्यांचा विचारही नव्हता. आई-वडील यमनचे, जन्म मात्र जेरुसलेमचा, १९१० च्या सुमाराचा. पहिल्या महायुद्धाच्या धामधुमीत घर उद्ध्वस्त झालं, मुलगी अनाथाश्रमात वाढली. तिथलं वळण, गाणी, शिस्त, सगळं युरोपातून आलेल्या ज्यूंचं. म्हणजे जे ‘जपलं’ म्हणतात, ते त्यांना लहानपणी धड मिळालंच नव्हतं. पुढे त्या बालवाडीच्या शिक्षिका झाल्या. नृत्याचं रीतसर शिक्षण नाही. १९४९ साली, चाळिशीच्या उंबरठ्यावर, त्यांनी यमनी तरुण मुलामुलींना जमवून इनबाल उभी केली. त्याच वर्षी आणि पुढच्या वर्षी यमनमधून सुमारे ४९,००० ज्यू विमानांनी इस्रायलमध्ये आले. ज्यांच्याकडून शिकायचं ती माणसं अशी एकदम दारात येऊन उभी राहिली.

त्यांच्याकडून लेवी-तनाईंनी घेतलं, पण उचलून मांडलं नाही. कापलं, ताणलं, दुसऱ्याला जोडलं. परंपरेत पुरुष वेगळे नाचत, बायका वेगळ्या. गाणीही वेगळी. पुरुषांची दीवानातली, म्हणजे भक्तिगीतांच्या संग्रहातली, हिब्रू, अरामी आणि अरबी, त्यांतली कित्येक सतराव्या शतकातल्या शालोम शबाझी या कवीची. बायकांची अरबीत, तोंडी चालत आलेली, लग्नाची, विरहाची, सासुरवासाची. लेवी-तनाईंनी दोन्ही एका रंगमंचावर आणली. काही यमनी मंडळींना ते आपलं वाटलं नाही, आणि तेल अवीवच्या कलाप्रेमींना तेच ‘फार यमनी’ वाटलं. मला विचाराल तर बाईंची खरी कमाई याच अडचणीच्या जागेत आहे.

आता पावलांविषयी, कारण माझा सर्वांत जास्त वापर त्यांचा झाला. यमनी पाऊल सांगायला सोपं आहे : उजवा पाय बाजूला, भार मागच्या डाव्यावर, उजवा समोरून आडवा, आणि क्षणभर थांबा. दोन जलद, एक संथ. मग तेच डावीकडे. अवघड आहे ते गुडघ्याचं. तो कधीच ताठ होत नाही, आणि शरीर उडी न मारता खालीवर होत राहतं. यमनी ज्यूंचे पुरुष दाटीवाटीच्या खोलीत, बसलेल्या पाहुण्यांच्या मधल्या जागेत नाचत. पुढे धावायला वावच नसे. म्हणून नाच आत वळला : गुडघा, घोटा, मनगट, मान. लेवी-तनाईंनी हा आकसलेपणा मोठ्या रंगमंचावरही सोडला नाही. जागा मिळाली म्हणून हात पसरले नाहीत. आमच्या वर्गातले इतर नाच, विशेषतः किबुत्झ या सामूहिक शेतीच्या वसाहतींतले, मोकळ्या मैदानाचे आहेत. त्यांत दम लागतो, मजाही येते, पण महिनाभरात ते अंगवळणी पडून संपतात. यमनी पाऊल इतक्या महिन्यांनी अजून संपलेलं नाही. जाता जाता, वर्गात लोकप्रिय असलेल्या कित्येक यमनी नाचांचे रचनाकार मोशिको हे स्वतः इनबालमध्ये नाचलेले. त्यामुळे सभागृहातून इनबालकडे जाणारी वाट दिसते तितकी लांबची नाही.

गाण्यांच्या बाबतीत मात्र माझा अंदाज उलटला. सुरुवातीला मला लेवी-तनाईंच्या चाली फारच साध्या वाटल्या होत्या. बायबलातल्या गीतरत्नाच्या ओळींना त्यांनी लावलेल्या चाली इस्रायलमध्ये लोकगीतांसारख्या गायल्या जातात, रचनाकाराचं नाव माहीत नसतानाही. मोजके स्वर, छोटी ओळ, लगेच पुन्हा तीच ओळ. बालवाडीच्या बाईंचा हात दिसतो त्यात : मुलं चालता चालता गातील एवढंच ओझं द्यायचं. पण पोळ्या लाटताना महिनोन्महिने नकळत तोंडात येत राहिलं ते हेच. संस्थेच्या सुरुवातीच्या काळात संगीताची बाजू सांभाळणाऱ्या ओवादिया तुविया यांच्या समूहगायनाच्या मांडण्या पहिल्यांदा ऐकताना भारी वाटल्या होत्या. आता त्या मी क्वचित लावते. त्यांत मैफिलीचा नीटनेटकेपणा जास्त आणि डब्याचा ठोका कमी.

डबा शब्दशः म्हणते आहे. जेरुसलेमचं मंदिर पडल्याच्या शोकात वाद्यं वर्ज्य मानलेली, म्हणून यमनी ज्यूंनी पत्र्याचा डबा आणि तांब्याचं तबक जवळ केलं. ऐंशीच्या दशकात जगभर गाजलेली यमनी वंशाची इस्रायली गायिका ओफ्रा हाझा ज्यांनी ऐकली असेल त्यांच्या कानात हा नाद असणारच. मी घरी तेलाच्या रिकाम्या डब्यावर करून पाहिलं. बोटांच्या पेरांनी वाजवायचं, तळव्याने नाही. शेजाऱ्यांची तक्रार अजून आलेली नाही.

जे टिकलं नाही तेही सांगते. दबोरा, शबाची राणी, रूथ अशा बायबलकथांवरच्या मोठ्या रचना इनबालचं नाव करणाऱ्या. त्यांच्या चित्रफिती तुकड्यातुकड्यांत मिळतात, आणि वारंवार पाहिल्यावर थकवतात. वेशभूषा सुरेख, समूहाचे आकृतिबंध सुरेख, पण कथा पुढे न्यायची वेळ आली की हावभाव मोठे होतात आणि खोलीतला तो आकसलेला नाच कुठेतरी जातो. ‘यमनी लग्न’ ही रचना याला अपवाद. तिथे गोष्ट अशी नाहीच, विधी आहे. नवरीची मेंदी, बायकांचं गाणं, दागिन्यांनी वाकलेली मान. नवरीला हलताच येणार नाही इतकं तिच्या अंगावर असतं, आणि लेवी-तनाई तिला जवळजवळ हलवतच नाहीत. सगळा नाच तिच्याभोवती. हे मी पुन्हा पुन्हा पाहते. लग्नाआधीची मेंदी कोकणातल्या आपल्या बेने इस्रायल ज्यूंच्या घरांतही असते, त्यामुळे ही चित्रफीत पाहताना ओळख पटायला वेळ लागत नाही.

बेने इस्रायलांचा विषय निघाला म्हणून आणखी एक. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांनी बायबलातल्या कथा मराठी कीर्तनातून सांगायला सुरुवात केली. एकटा माणूस उभा राहतो, तोच निवेदक, तोच राजा, तोच रडणारा बाप. बायबलकथेला लोककलेत बसवायचा जो प्रश्न लेवी-तनाईंना अख्खा समूह घेऊनही मला पूर्ण सुटलेला वाटत नाही, तो तिथे एका आवाजात सुटतो. इनबालमध्ये हे कोणी साधलं असेल तर मार्गालित ओवेद यांनी.

ओवेद यांचा जन्म अदनचा. (यमनच्या किनाऱ्यावरचं हे शहर १९३७ पर्यंत ब्रिटिश हिंदुस्थानात मोडायचं आणि बराच काळ त्याचा कारभार मुंबई इलाख्यातून चाले.) इस्रायलमध्ये आल्यावर त्या इनबालच्या प्रमुख नर्तकी झाल्या. साठच्या दशकात अमेरिकेत गेल्या आणि लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात वीसहून अधिक वर्षं शिकवलं. तिथल्या त्यांच्या एकलप्रयोगांत स्वतःच डबा वाजवायचा, स्वतःच गायचं, नाचता नाचता गोष्ट सांगायची, आवाज बदलून म्हातारी व्हायचं, पोर व्हायचं. पहिल्यांदा पाहताना जरा अतिरंजित वाटतं. चौथ्या-पाचव्यांदा पाहताना लक्षात येतं की खांद्याखालचं अंग किती शांत आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्या थोड्या काळासाठी इनबालच्या कलादिग्दर्शक म्हणून परतल्या. लेवी-तनाईंना त्याच्या काही वर्षं आधीच संस्थेपासून दूर व्हावं लागलं होतं. स्वतः उभ्या केलेल्या संस्थेतून ऐंशीच्या घरात बाहेर पडायचं, हे वाचताना राग आला.

त्या रागाला जुनं कारण आहे. पन्नासच्या दशकात अमेरिकी नृत्यरचनाकार जेरोम रॉबिन्स यांनी इनबालचं कौतुक केलं, त्यानंतर अमेरिकेहून आधुनिक नृत्याच्या रचनाकार ॲना सोकोलोव्ह नर्तकांना तालीम द्यायला आल्या, १९५८ मध्ये तिथले कार्यक्रम-आयोजक सोल ह्युरॉक यांच्यामार्फत अमेरिकेचा दौरा झाला. देशाबाहेर इनबाल म्हणजे इस्रायलचा चेहरा. पण १९६४ मध्ये अमेरिकी आधुनिक नृत्यातल्या दिग्गज मार्था ग्रॅहम यांच्या मार्गदर्शनाखाली बात्शेवा ही नृत्यसंस्था उभी राहिली, आणि ‘आधुनिक नृत्य’ म्हणजे ती, इनबाल म्हणजे ‘लोकरंग’, अशी वाटणी पक्की होत गेली. लेवी-तनाईंना १९७३ मध्ये इस्रायल पुरस्कार मिळाला, तरी ती वाटणी पुसली गेली नाही. माझ्या मते त्या आधुनिकच होत्या. फक्त त्यांचा कच्चा माल न्यूयॉर्कहून आलेला नव्हता.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी : आधी ‘यमनी लग्न’ पाहा, मग ओवेद यांचे एकलप्रयोग, मग लेवी-तनाईंची गाणी. बायबलकथा शेवटी, वेळ उरला तर. इंग्रजीत नावांची स्पेलिंगं इतक्या तऱ्हांनी लिहितात की शोध फसतो. नाव हिब्रू लिपीत टाकलं की खूप जास्त सापडतं. जुन्या तबकड्या मागवणार असाल तर आधी गाण्यांची यादी ताडून बघा, माझ्याकडच्या दोन वेगवेगळ्या मुखपृष्ठांच्या तबकड्यांत बरीचशी गाणी तीच निघाली. आणि पावलं शिकायची असतील तर रबरी तळव्याचे बूट नकोत. पाय वळत नाही, गुडघा पिळतो. आमच्या वर्गातले अर्धे लोक सरळ मोज्यांवर नाचतात.