हूड टू कोस्ट: रात्रीचा टप्पा पहिल्या व्हॅनमधून धावावा की दुसऱ्या?

अमेरिकेच्या ओरेगन राज्यातल्या पोर्टलंड, बीव्हर्टन आणि हिल्सबरो परिसरातल्या कंपन्यांमधून हूड टू कोस्ट या सांघिक शर्यतीसाठी संघ उभे राहतात. तिथे नोकरी करणाऱ्या एखाद्या मराठी धावपटूला अशा संघात जागा मिळाली, की कॅप्टन लवकरच विचारतो, ‘पहिल्या व्हॅनमध्ये येणार की दुसऱ्या?’ बहुतेक जण टप्प्यांची लांबी आणि चढ-उताराचा आलेख पाहून उत्तर देऊन टाकतात. माझ्या मते या शर्यतीत लांबीपेक्षा घड्याळ महत्त्वाचे आहे. आपला अंधारातला टप्पा किती वाजता येणार आणि त्याच्या आधी झोप मिळणार की नाही, एवढे कळले की निम्मा निर्णय झाला.

शर्यतीची रचना माहीत नसणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. १९८२ साली सुरू झालेली ही शर्यत ऑगस्टअखेरीस होते. ती माउंट हूडवरच्या सुमारे ६,००० फूट उंचीवरील टिंबरलाइन लॉजपासून निघते आणि सँडी, पोर्टलंड, सेंट हेलेन्स अशी गावे घेत, पुढे कोस्ट रेंजचे डोंगर ओलांडून, पॅसिफिकच्या काठी सीसाइडला संपते. एकूण अंतर २०० मैलांच्या, म्हणजे सुमारे ३२० किलोमीटरच्या, आसपास असते आणि ते ३६ टप्प्यांत विभागलेले असते. पूर्ण संघ बारा जणांचा असतो. १ ते ६ क्रमांकाचे धावपटू पहिल्या व्हॅनमध्ये आणि ७ ते १२ दुसऱ्या व्हॅनमध्ये बसतात, आणि प्रत्येक जण बारा टप्प्यांच्या अंतराने तीनदा धावतो. म्हणजे ३ क्रमांकाचा धावपटू टप्पा ३, १५ आणि २७ धावतो, तर १० क्रमांकाचा १०, २२ आणि ३४.

‘दुसरा टप्पा म्हणजे रात्रीचा टप्पा’ असे सरसकट सांगितले जाते, पण ते प्रत्येक संघाला लागू पडत नाही. शर्यतीत सगळे संघ एकाच वेळी सोडत नाहीत. संथ संघ शुक्रवारी पहाटे, तर वेगवान संघ दुपारच्या सुमारास निघतात. समजा, तुमचा संघ सरासरी मैलाला १० मिनिटे या वेगाचा आहे आणि सकाळी ६ वाजता निघाला आहे. टप्पा सरासरी साडेपाच मैलांचा धरला, तर पहिल्या व्हॅनची दुसरी फेरी संध्याकाळी ५ वाजता सुरू होऊन रात्री साडेदहाला संपते आणि दुसऱ्या व्हॅनची दुसरी फेरी साडेदहापासून पहाटे ४ पर्यंत चालते. ऑगस्टअखेरीस तिथे सूर्यास्त आठच्या सुमारास आणि सूर्योदय साडेसहाच्या आसपास असतो. त्यामुळे अशा संघात ३ क्रमांकाच्या धावपटूला खऱ्या अर्थाने रात्र अनुभवायलाच मिळत नाही, कारण त्याचा दुसरा टप्पा सूर्य मावळण्यापूर्वी आटोपतो आणि तिसरा उजाडताना सुरू होतो. याउलट १ क्रमांकाच्या धावपटूचा दुसरा टप्पा लख्ख उजेडात होतो, पण तिसरा मात्र पहाटे ४ वाजता, पुऱ्या अंधारात येतो. आता दुपारी १२ ला निघालेला, मैलाला ८ मिनिटे धावणारा संघ घ्या. त्याच्या पहिल्या व्हॅनची दुसरी फेरी पावणेनऊ ते सव्वा आणि दुसऱ्या व्हॅनची सव्वा ते साडेपाच अशी जाते, म्हणजे प्रत्येकाला एक रात्रीचा टप्पा चुकत नाही. म्हणून व्हॅन निवडण्याआधी कॅप्टनकडून संघाची सुटण्याची वेळ आणि अंदाजे वेळापत्रक मागून घ्यावे. ते मागायला संकोच करण्याचे काही कारण नाही.

आता प्रत्यक्ष रस्त्याकडे वळू. पहिली व्हॅन टप्पा १३ ते १८ धावते, आणि तो पट्टा पोर्टलंड शहरातून निघून हायवे ३० च्या बाजूने सेंट हेलेन्सकडे जातो. इथे रात्र फार काळी नसते. दिवे असतात, रस्ता डांबरी असतो आणि पाय नीट पडतो. त्रास होतो तो वाहनांचा. समोरून येणाऱ्या ट्रकच्या दिव्यांनी काही क्षण डोळ्यांपुढे अंधारी येते, बाजूने जाणाऱ्या गाडीचा वारा अंगावर आदळतो आणि आवाजात सलग लय पकडणे कठीण जाते. एकटेपणाची भीती वाटणाऱ्याला हा पट्टा सोपा जाईल. शांततेसाठी रात्रीचा टप्पा हवा असलेल्याची इथे निराशा होईल.

दुसऱ्या व्हॅनचे टप्पे १९ ते २४ सेंट हेलेन्सनंतर कोस्ट रेंजच्या जंगलात शिरतात आणि तिथे सगळेच बदलते. वस्ती विरळ होते, फोनची रेंज जाते, आणि काही भागांत रस्ता खडीचा, कच्चा असतो. ऑगस्टमध्ये तिथे पाऊस जवळजवळ नसतो. त्यामुळे शेकडो व्हॅन एकामागून एक त्या खडीवरून गेल्या, की धुळीचा लोट हवेत तसाच तरंगत राहतो. अशा वेळी कपाळावरचा हेडलॅम्प कामाचा नसतो, कारण त्याचा प्रकाश डोळ्यांसमोरच्या धूलिकणांवर आपटून परत येतो आणि समोर नुसती पांढरी भिंत दिसते. धुक्यातही हेच होते. तोच दिवा हातात घेऊन कमरेच्या उंचीवर धरला, तर खडीतल्या उंचवट्यांच्या सावल्या लांब पडतात आणि पाऊल कुठे टाकायचे ते कळते. नाका-तोंडावर बांधायला पातळ रुमाल जवळ असावा. दम्याचा त्रास असणाऱ्यांनी मात्र रुमालाच्या भरवशावर न राहता पहिली व्हॅनच मागावी.

या अंधाराची दुसरी बाजूही आहे. पुढे-मागे लुकलुकणारे तांबडे दिवे, डोंगराच्या कुशीतली गार हवा आणि स्वतःच्या श्वासाचा आवाज यांच्या सोबतीने एक तास धावणे ही या शर्यतीची खरी ओळख आहे, असे मला वाटते. हायवेच्या कडेने ती होत नाही. दिवसा तापमान ३० अंशांकडे झुकत असले, तरी डोंगरातल्या रात्री ते १० ते १२ अंशांपर्यंत उतरू शकते. मुंबईच्या दमट हवेत घामाने चिंब होऊन धावणाऱ्याला ही हवा मेजवानी वाटेल, पण धावणे थांबल्यावर पाच मिनिटांत हुडहुडी भरते. त्यामुळे कोरडा, जाड शर्ट सामानाच्या तळाशी न ठेवता हाताशी ठेवावा.

झोपेचा हिशेब अधिक गुंतागुंतीचा आहे. एका व्हॅनला दुसरी व्हॅन धावत असताना साधारण साडेपाच तास मिळतात. त्यातून पुढच्या एक्स्चेंजपर्यंतचा, म्हणजे धावपटू बदलण्याच्या ठिकाणापर्यंतचा, प्रवास, जेवण, कपडे बदलणे आणि रांगा वजा केल्या, तर झोपेला दोन-अडीच तास उरले तरी नशीब म्हणायचे. वरच्या १० मिनिटांच्या संघात पहिल्या व्हॅनला रात्री साडेदहानंतर, म्हणजे झोपेच्या नैसर्गिक वेळी, विश्रांती मिळते. पण ती पोर्टलंडपासून दूर, एखाद्या मोकळ्या मैदानात किंवा व्हॅनच्या सीटवर घ्यावी लागते. दुसऱ्या व्हॅनची विश्रांती संध्याकाळी ५ ते साडेदहा येते. त्या वेळी झोप सहज लागत नाही, पण टप्पा १२ पोर्टलंडमध्येच संपत असल्याने स्थानिक मंडळी चक्क घरी जाऊन आंघोळ करू शकतात, वरण-भात खाऊ शकतात आणि स्वतःच्या गादीवर पाठ टेकवू शकतात. पोर्टलंड परिसरात घर असणाऱ्यांसाठी दुसऱ्या व्हॅनचा हा फायदा इतका मोठा आहे, की त्यापुढे धूळ आणि खडी मी क्षम्य मानतो.

पायांचा विचार केला, तरी तराजू दुसऱ्या व्हॅनकडेच झुकतो. टिंबरलाइनवरून उतरणारे सुरुवातीचे टप्पे कागदावर सोपे दिसतात, पण सलग तीव्र उतारामुळे मांडीचे पुढचे स्नायू ठेचल्यासारखे होतात आणि ते दुखणे काही तासांनी, नेमके दुसऱ्या टप्प्याच्या वेळी, वर येते. १ आणि २ क्रमांक घेणाऱ्याने उतारावर धावण्याचा सराव केलेला नसेल, तर संध्याकाळचा सपाट रस्ताही त्याला जड जातो. शिवाय दुसऱ्या व्हॅनला शुक्रवारी उशिरा निघता येते, त्यामुळे आदल्या रात्रीची झोप शाबूत राहते.

भारतातून खास या शर्यतीसाठी येणाऱ्या धावपटूचे गणित तर अगदीच वेगळे आहे. उन्हाळ्यात पोर्टलंड आणि पुणे यांच्या घड्याळांत साडेबारा तासांचा फरक असतो. दोन-तीन दिवसांपूर्वीच विमानातून उतरलेल्या माणसाचे शरीर पोर्टलंडच्या रात्री २ वाजता अजून दुपारचे अडीच वाजल्यासारखे वागत असते. स्थानिकांच्या शरीराचे तापमान पहाटे ४-५ च्या सुमारास सर्वांत खाली गेलेले असते आणि पाय शिशाचे झालेले असतात, तेव्हा हा पाहुणा टवटवीत असतो. जेट लॅगचा असा उपयोग क्वचितच होतो. अशा धावपटूला कॅप्टनने ९ ते १२ यांपैकी एखादा क्रमांक द्यावा. दुपारचा पहिला टप्पा मात्र त्याला ऐन मध्यरात्रीसारखा वाटेल, याची पूर्वकल्पना द्यावी.

दुसरी व्हॅन ठरली, तरी तिच्यातला क्रमांक ठरवायचा राहतो. ७ क्रमांकाचा धावपटू विश्रांतीतून उठून थेट धावायला उभा राहतो. गाढ झोपेतून उठल्यावर येणारी गुंगी उतरायला निदान अर्धा तास लागतो, म्हणून त्याला उरलेल्यांपेक्षा आधी उठावे लागते. १२ क्रमांकाच्या धावपटूची पाळी आपल्या उदाहरणात पहाटे ३ नंतर येते आणि तोवर व्हॅन दर तासाला थांबत असल्याने त्याला सलग झोप मिळत नाही. ज्यांना झोप मोडली की मळमळते त्यांनी ७ आणि ज्यांना जागरण सोसत नाही त्यांनी १२ टाळावा. पहिल्यांदा येणाऱ्याला मी ९ किंवा १० सुचवतो, म्हणजे साधारण १२ ते २ मधला टप्पा. कॉफीचा असर साधारण पाऊण तासाने जाणवतो आणि पाच तासांनंतरही निम्मे कॅफिन अंगात उरते, त्यामुळे ती टप्प्याच्या तासभर आधी प्यावी. मध्यरात्रीनंतर धावणाऱ्याने कपात काटकसर केली नाही, तर पहाटेची उरलीसुरली झोपही जाते.

सुरक्षेचे सामान दोन्ही व्हॅनना सारखेच लागते: प्रकाश परावर्तित करणारे जॅकेट, हेडलॅम्प किंवा हातातला दिवा आणि मागे लुकलुकणारा दिवा. ठरलेल्या वेळेत हे अंगावर नसेल तर धावू देत नाहीत, आणि एक्स्चेंजवर व्हॅनबाहेर फिरणाऱ्यांनीही जॅकेट घालणे अपेक्षित असते. फरक आहे तो संपर्काचा. पहिल्या व्हॅनला टप्पा संपवताना फोन करून पुढच्या धावपटूला जागे करता येते. कोस्ट रेंजमध्ये ते शक्य नसते, त्यातच एक्स्चेंजच्या अलीकडे व्हॅनची रांग लागली, तर धावपटू आधी पोचतो आणि पुढच्याला सोपवायचा मनगटावरचा पट्टा घ्यायला समोर कोणीच नसते. म्हणून दुसऱ्या व्हॅनने प्रत्येकाची अंदाजे वेळ कागदावर लिहून गाडीत चिकटवावी आणि रांग दिसताच पुढच्या धावपटूने उतरून चालत एक्स्चेंज गाठावे.

एक अट मात्र मी दुसऱ्या व्हॅनसाठी आवर्जून घालेन. पहाटे ४ नंतर अरुंद डोंगरी रस्त्यावरून सहा पेंगुळलेल्या माणसांना घेऊन जाणारा चालक स्वतः नुकताच धावून आलेला नसावा. न धावणारा, दुपारी झोप काढलेला चालक मिळत असेल तर दुसरी व्हॅन घ्यावी. मिळत नसेल, तर घर, गादी आणि जंगलातली शांतता यांचा मोह सोडून पहिल्या व्हॅनमध्ये ४ किंवा ५ क्रमांक मागावा.