मोठ्या अक्षरातलं मराठी बायबल: आईसाठी घेतलं होतं, वर्षभर वापरून लिहितेय

आईचं जुनं बायबल तिच्या लग्नातलं. पाठीचा पुठ्ठा निघालेला, उत्पत्तीची पहिली पानं सेलोटेपवर टिकून होती. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं तरी ते बारीक अक्षर तिला लागेना, म्हणून मागच्या नाताळात हे मोठ्या अक्षराचं मागवलं.

अक्षर खरंच मोठं आहे, जोडाक्षरं फुटत नाहीत, आई रात्री ट्यूबलाइटच्या उजेडात आरामात वाचते. कागद मात्र पातळ आहे आणि नवीन असताना पानं एकमेकांना चिकटून येतात, बोट ओलं करून उलटायला जाऊ नका, कोपरा फाटतो (आमचा यशया नावाच्या पुस्तकात फाटला), त्यापेक्षा अंगठ्याने हळूहळू पानं सोडत जा. वजन बरंच आहे, मांडीवर फार वेळ धरवत नाही, आई उशीवर ठेवून वाचते. चेनवालं कव्हर घेऊ नका, चेन कोपऱ्यावर अडकते. आणि मागवताना भाषांतर कोणतं ते बघा, जुनं वेगळं, सोप्या मराठीतलं वेगळं, नाहीतर उपासनेत वाचतात एक आणि आपल्या पानावर शब्द दुसरेच.

आता पाच स्टार का देतेय ते सांगते.

आमची आधीची मंडळी, म्हणजे चर्च, छोटी होती आणि तिथल्या पाळकांवर, म्हणजे धर्मगुरूंवर, आमचा फार जीव होता. बाबांच्या शेवटच्या आजारात रात्री दोन वाजता येऊन उशाशी बसून प्रार्थना केलेला माणूस, ते मी आजही विसरले नाही. मग प्रार्थनाघराच्या जागेसाठी पैसे जमायला लागले, आईने दोन बांगड्या मोडल्या, आणि दोन वर्षांनी एकाने हिशोब विचारला तर पुढच्या रविवारी व्यासपीठावरून उत्तर आलं की देवाच्या अभिषिक्ताला, म्हणजे देवाने निवडलेल्या माणसाला, हात लावू नका. सगळे गप्प, वचनच ते, वचनापुढे काय बोलणार! जागा झाली नाही, पाळक दुसऱ्या शहरात गेले, आणि माझा भाऊ तेव्हापासून चर्चची पायरी चढलेला नाही. त्याच्यासाठी पाळक आणि देव एकच होते, एक गेला तसा दुसराही गेला. मला याचंच सगळ्यात वाईट वाटतं, पैशांचं नाही.

हे बायबल घरात आल्यावर आईने पहिल्याच आठवड्यात ते वचन हुडकून काढलं. स्तोत्र १०५, वचन १५. मला हाक मारली, म्हणाली वरून वाच गं, बाराव्यापासून. तिथे अब्राहाम, इसहाक, याकोब यांची गोष्ट आहे, मूठभर परकी माणसं, या राष्ट्रातून त्या राष्ट्रात फिरणारी, आणि देव राजांना बजावतोय की यांना त्रास देऊ नका. म्हणजे ताकद असलेल्यांपासून दुबळ्यांना राखायला दिलेलं वचन, आणि आम्हाला ते उलटं धरून दाखवलं होतं. आई बराच वेळ त्या पानावर हात ठेवून बसली.

मग आम्ही रोज संध्याकाळी शोधत बसायला लागलो. दावीदाने शौल राजाला, तो देवाचा अभिषिक्त आहे म्हणून, मारलं नाही हे खरं, पण झग्याचा काठ कापून घेऊन त्याच्या तोंडावर जाब विचारलाच की, १ शमुवेल, अध्याय २४. पुढे दावीद राजा झाल्यावर स्वतः चुकला तेव्हा नाथान संदेष्टा त्याच्यासमोर उभा राहिला. यरुशलेमच्या गरिबांसाठी वर्गणी नेताना प्रेषित पौलाने मंडळ्यांनी निवडलेला माणूस सोबत घेतला, कुणी बोट दाखवू नये म्हणून, हे करिंथच्या दुसऱ्या पत्रात, अध्याय ८ मध्ये, स्पष्ट लिहिलंय. आणि बिरुया गावातले लोक तर खुद्द पौलाचं बोलणं रोज शास्त्रात तपासून बघायचे, त्याबद्दल त्यांचं कौतुकच केलंय, कुणी त्यांना बंडखोर म्हटलं नाही. हे सगळं आमच्याच घरात चाळीस वर्षं होतं, सेलोटेप लावलेलं.

मनुष्यापेक्षा परमेश्वराचा आश्रय धरणं बरं, हे ११८व्या स्तोत्रातलं आठवं वचन बायबलच्या बरोबर मध्यावर येतं असं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतं. तसं ते मोजून येत नाही, १,१८९ अध्यायांतला मधला अध्याय त्याच्या आधीचा, ११७वा, दोनच वचनांचा. पण वचन खरं आहे आणि त्याला मोजणीची गरज नाही. आईने मात्र लाल पेन्सिलीने १४६वं स्तोत्र अधोरेखित केलंय, की अधिपतींवर भरवसा ठेवू नका, त्यांचा श्वास गेला की त्याच दिवशी त्यांचे बेतही जातात.

पंडिता रमाबाईंनी केडगावला बसून हिब्रू आणि ग्रीकवरून अख्खं बायबल सोप्या मराठीत आणलं, १९२२ मध्ये वारल्या तोपर्यंत तेच काम चालू होतं. साध्या बाईला स्वतःच्या डोळ्यांनी वाचता यावं म्हणून एवढी मेहनत. आई वाचताना दिसली की मला त्या आठवतात.

आम्ही आता दुसऱ्या चर्चला जातो. पाळक चांगले आहेत, आईला आवडतात, पण संदेश (प्रवचन) चालू असताना तिचं बोट पानावर असतं. वचन सांगितलं की ते थोडे थांबतात, कारण या जाड बायबलची पानं उलटायला आईला वेळ लागतो. भावासाठीही एक मागवलंय, बिनचेनचं. त्याच्या टेबलावर ठेवून आलेय, अजून त्याने उघडलेलं नाही.