आल्बाचा हिवाळा: दोघांनी फक्त जेवायला जावं असा मुलूख

फक्त चांगलंचुंगलं खायला म्हणून दोघांनी चार दिवस कुठे जायचं असेल, तर इटलीच्या पिएमोंते प्रांतातला लांगे हा डोंगराळ भाग निवडावा. आल्बा हे तिथलं मुख्य गाव, तोरिनोपासून (ट्युरिन) साधारण साठ किलोमीटरवर. नोव्हेंबरच्या मध्यापासून डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंतचा काळ सर्वांत चांगला. तेव्हा पांढरं ट्रफल, म्हणजे इथली सुगंधी बुरशी, भरात असतं आणि ऑक्टोबरात द्राक्षं पाहायला आलेली गर्दी ओसरलेली असते. जेवणाला पैकीच्या पैकी गुण द्यावेत, प्रवासाच्या सोयीला जेमतेम पासापुरते. पैसे मात्र कुठे घालवायचे हे आधी ठरवावं लागतं, कारण इथे नावाजलेल्या रेस्टॉरंटपेक्षा साध्या ताटावर किसलेल्या आठ ग्रॅम ट्रफलवर खर्च करणं बहुतेकदा जास्त शहाणपणाचं ठरतं.

तेव्हा आधी ट्रफल. ओक, पॉपलर, लिंडेन, हेझलनट अशा झाडांच्या मुळांशी जमिनीखाली वाढणारी ही बुरशी कुत्रे वासावरून शोधून काढतात. काळ्या ट्रफलची लागवड होते, पांढऱ्याची अजून भरवशाने होत नाही, म्हणून भाव पावसावर हलतो. उन्हाळा कोरडा गेला की हिवाळ्यात भाव चढलेच म्हणून समजा. हंगाम 31 जानेवारीला संपतो. आल्बात ऑक्टोबरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत ट्रफलचा आंतरराष्ट्रीय मेळा भरतो, तिथे विक्रीला आलेलं ट्रफल जाणकारांच्या नजरेखालून गेलेलं असतं. स्वतः विकत घ्यायचं असेल तर रस्त्यावरच्या दुकानापेक्षा मेळा बरा.

रेस्टॉरंटमधली पद्धत अशी. वेटर ट्रफल छोट्या वजनकाट्यावर ठेवतो, वजन दाखवतो, तुमच्या ताटावर किसतो आणि उरलेलं पुन्हा वजनाला लावतो. फरकाचे पैसे बिलात. ग्रॅमचा भाव ऑर्डर देण्याआधी विचारावा, त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. ट्रफल हातात घेऊन हुंगायला मागावं, हेही तिथे रोजचंच आहे. बोटाने दाबल्यावर टणक लागलं तर ताजं, रबरासारखं दबलं तर शिळं. अमोनियाचा वास आला तर सरळ नको म्हणावं. एका ताटाला 8 ते 10 ग्रॅम पुरतात. पाच ग्रॅममध्ये वास ताटभर पसरत नाही, आणि दहाच्या पुढे पैसे वाढतात, चव नाही. चार युरो ग्रॅम धरला तर दोघांच्या ताटांवर आठ-आठ ग्रॅमचे 64 युरो, पदार्थाची किंमत वेगळी. ‘बास्ता’ (पुरे) म्हणेपर्यंत किसणारा हात थांबत नसतो, तेव्हा वजनकाट्याचा पहिला आकडा लक्षात ठेवा आणि वेळेवर बोला.

किसायचं कशावर, हा खरा प्रश्न. पांढरं ट्रफल शिजवत नाहीत. शिजवलं की वास उडून जातो. तो खुलायला गरम, तुपकट, सौम्य पदार्थ लागतो: लोण्यातलं अर्धं तळलेलं अंडं, फोंदूता म्हणजे दूध, अंड्याचा बलक आणि फोंतिना चीजचा दाटसर सॉस, किंवा लोण्यात घोळवलेला तायारिन हा पास्ता. टोमॅटो, लसूण, मिरी, मुरलेलं चीज यांपैकी काहीही ताटात असलं तर ट्रफलचे पैसे पाण्यात. आमच्या मते तिघांत अंडं सरस. पदार्थ सर्वांत स्वस्त आणि वास सर्वांत मोकळा. ताट समोर आलं की फोटो एकच काढावा, दोन मिनिटांत ते कोमट होतं आणि वास बसतो. मेनूवर ‘ट्रफल तेल’ दिसलं तर पुढचं हॉटेल गाठा. बाजारातल्या बहुतेक ट्रफल तेलात वास कृत्रिम असतो आणि एकदा तो नाकात बसला की खरं ट्रफल फिकं वाटायला लागतं.

तायारिनबद्दल थोडं. हा बारीक कापलेला अंड्याचा पास्ता, आणि अंड्याचा म्हणजे किती, तर किलोभर पिठाला तीस, काही घरांत चाळीस बलक. दोन-तीन मिलिमीटर रुंद, उकळत्या पाण्यात मिनिटभरात शिजतो. चांगला झाला तर काट्यावर धागे सुटे राहतात. गोळा झालेला आला तर तो शिजवून ठेवलेला होता असं समजावं आणि परत पाठवायला संकोच करू नये.

आता मोठं नाव. आल्बाच्या चौकातलं पियाझ्झा दुओमो हे रेस्टॉरंट, शेफ एन्रिको क्रिप्पा, 2012 पासून मिशलिन गाइडचे सर्वोच्च तीन तारे. दार गल्लीत आहे, गुलाबी रंगाचं. वरच्या जेवणघराच्या भिंती फ्रान्चेस्को क्लेमेंते या चित्रकाराने रंगवल्यात, ज्याचा भारताशी जुना ऋणानुबंध आहे. क्रिप्पाची ओळख मांसापेक्षा भाज्यांसाठी जास्त. स्वतःच्या मळ्यातल्या डझनावारी पानाफुलांचं त्यांचं सॅलड चिमट्याने वरून खाली खात जायचं असतं. माणशी तीन आकडी युरो मोजायची तयारी असेल तर जावं, पण दुपारी जावं. इतक्या पदार्थांचं जेवण तीन तास सहज चालतं आणि रात्री नवानंतर ते पोटाला जड जातं. टेबल दोन-तीन महिने आधी राखून ठेवावं. टेस्टिंग मेनू (शेफने ठरवलेले पदार्थ एकामागून एक) बऱ्याच ठिकाणी अख्ख्या टेबलाने एकच घ्यायचा असतो, म्हणजे एक शाकाहारी आणि एक मांसाहारी असं जोडपं असेल तर बुकिंग करतानाच लिहून विचारायला हवं, ऐन वेळी सोय होत नाही. याच इमारतीत खाली ला पिओला आहे. तेच मालक, फळ्यावर लिहिलेले पिएमोंतेचे घरगुती पदार्थ आणि बिल कितीतरी हलकं. एकच संध्याकाळ हातात असेल तर आम्ही खालचं दार सुचवू.

शाकाहाऱ्यांनी इथे डोळे उघडे ठेवावेत. ‘आन्योलॉत्ती देल प्लिन’ या चिमटीने बंद केलेल्या छोट्या पास्त्यात बहुतेक वेळा वासराचं, डुकराचं किंवा सशाचं मांस असतं. ‘बान्या काउदा’ हे भाज्या बुडवून खायचं गरम तोंडीलावणं दिसायला निरुपद्रवी, पण त्यात लसणाबरोबर अँचोवी मासा असतोच. रिसोत्तो (मऊ इटालियन भात) भाजीचा असला तरी पाणी मांसाच्या रश्शाचं असू शकतं. म्हणून ‘व्हेजिटेरियन’ या एका शब्दावर न थांबता ‘सेन्झा कार्ने, सेन्झा पेशे, सेन्झा ब्रोदो’ असं तिन्ही सांगावं: मांस नको, मासा नको, रस्सा नको. चीजमध्ये प्राण्यांचं रेनेट (दूध फाडायला वापरतात ते) बहुतेक असतंच, ते चालत नसेल तर फोंदूताही बाद. अंडंही वर्ज्य असेल तर खरं सांगायचं तर हा मुलूख तुमच्यासाठी नाही. मांसाहाऱ्यांसाठीही एक सूचना: ‘कार्ने क्रूदा’ म्हणजे वासराचं कच्चं मांस, ‘ब्राझातो’ म्हणजे बारोलो या इथल्या रेड वाइनमध्ये मंद शिजवलेलं बीफ. बीफ खात नसाल तर सेकोंदो, म्हणजे मुख्य पदार्थांत, ससा किंवा बदक आहे का ते विचारा.

साध्या त्रात्तोरियात, म्हणजे घरगुती खाणावळीत, दोघांनी ऑर्डर अशी द्यावी: दोन आंतिपास्ती (सुरुवातीचे पदार्थ) वाटून, प्रत्येकी एक पास्ता, एकच सेकोंदो मध्ये ठेवून, गोड एक. चारही टप्पे प्रत्येकी मागवले तर तिसऱ्या ताटालाच हात आखडतो. गोडात बुनेत (कोको, अंडी आणि आमारेत्ती बिस्किटांचं पुडिंग) किंवा गरम झाबायोनेबरोबर (अंड्याचा बलक, साखर आणि वाइनचा फेसाळ सॉस) हेझलनटचा केक. दुसरा घ्या. इथलं हेझलनट प्रसिद्ध आहे आणि न्यूटेला करणारी फेरेरो कंपनी याच आल्बातली. बिलावर ‘कोपेर्तो’ म्हणून माणशी दोन-चार युरो दिसतील. ती फसवणूक नव्हे, टेबल आणि पावाचे पैसे आहेत. पाणीही विकतच. टिप सक्तीची नाही.

वाइनचं गणित गाडीशी बांधलेलं आहे. बारोलो, ला मोर्रा, बार्बारेस्को, त्रेइझो ही गावं टेकड्यांवर, बस तुरळक, आणि रात्री दहानंतर टॅक्सी आधी ठरवलेली नसेल तर मिळतच नाही. इटलीत गाडी चालवणाऱ्याच्या रक्तात लिटरमागे 0.5 ग्रॅमपेक्षा जास्त मद्य चालत नाही आणि लायसन्स तीन वर्षांच्या आतलं असेल तर शून्य. शिवाय 15 नोव्हेंबरपासून 15 एप्रिलपर्यंत पाटी लावलेल्या रस्त्यांवर हिवाळी टायर किंवा साखळ्या लागतात, भाड्याची गाडी घेताना हे लेखी विचारावं. भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवानाही हवा. सोपा मार्ग म्हणजे मुक्काम आल्बातच, चालत जाता येईल अशा जागी रात्रीचं जेवण, आणि टेकडीवर दुपारी ड्रायव्हर ठरवून जाणं. दुपारचा दुसरा फायदा म्हणजे धुकं. सकाळी दरी भरलेली असते, एकच्या सुमाराला ते विरलं तर ला मोर्राच्या कठड्यावरून बर्फाच्छादित आल्प्स दिसतात. रात्री खिडकीबाहेर काळोख, आणि देखाव्याचे पैसे मात्र बिलात धरलेलेच.

बारोलो वाइन किमान 38 महिने मुरवलेली असते, त्यातले 18 लाकडी पिंपात, बार्बारेस्को गावाच्या नावाची वाइन 26 महिने. तरीही कोवळा बारोलो अंड्याच्या ताटावर तुरट लागतो. ट्रफलबरोबर एक तर दहा-पंधरा वर्षांचा जुना मागवा किंवा सरळ लांगे नेब्बियोलोचा (त्याच द्राक्षाची साधी वाइन) पेला घ्या, स्वस्तही पडतो. जुनी बाटली हवी असेल तर टेबल राखून ठेवतानाच सांगावं, म्हणजे ती आधी उघडून ठेवतात. पेअरिंग, म्हणजे प्रत्येक पदार्थाबरोबर जुळणारी वाइन, दोघांत एकच घेतलेलं चालेल का, हे विचारायला लाजू नका, काही ठिकाणी चालतं.

जेवणाच्या वेळा कडक आहेत. दुपारी साडेबारा ते दोन, रात्री साडेसात ते साडेनऊ, मधे स्वयंपाकघर बंद. मंगळवार-बुधवार अनेकांची सुट्टी, म्हणून गुरुवार ते रविवार धरावा. जानेवारीत विमानं स्वस्त दिसली तरी मोह आवरावा, कारण बरीच चांगली रेस्टॉरंटं तेव्हा काही काळ कुलूप लावतात. जायचंच असेल तर प्रत्येक जागेला मेल करून तारखा पक्क्या करा आणि मगच तिकीट काढा.