फ्री-फ्लो एक्झॉस्टची केबिनमधली घुमघुम: मॅट, रेझोनेटर, जे-पाइप की परत मूळ सायलेन्सर?

फ्री-फ्लो, म्हणजे धुराला कमी अडवणारा आणि जास्त आवाज करणारा एक्झॉस्ट, बसवल्यावर पहिले आठ दिवस आपण बोगदा दिसला की काचा खाली करतो. नवव्या दिवशी घरच्यांना घेऊन एक्स्प्रेसवेला लागतो, काटा शंभरला टेकतो आणि डोक्याशी कुणीतरी रिकामं पिंप बडवतंय असं वाटायला लागतं. लोणावळ्यापर्यंत गाडीत कुणी बोलत नाही. माझं अगदी हेच झालं. मग मी उपाय चुकीच्या टोकाकडून सुरू केले, म्हणून हा आढावा उलट्या टोकाकडून.

आधी एक हिशेब. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या एका फेऱ्यात दोनदा पेट्रोल पेटतं. म्हणून आरपीएमला 30 ने भागलं की घुमण्याची मुख्य फ्रिक्वेन्सी मिळते. माझी जुनी 1.2 लिटर स्विफ्ट पाचव्या गिअरमध्ये शंभरला साधारण 2,850 वर असते, म्हणजे 95 हर्ट्झ. तीन सिलिंडर असतील तर 40 ने भागा. त्याच आरपीएमला 71 येतात. मित्राने केलेला उपाय तुमच्या गाडीला जसाच्या तसा लागू पडत नाही, तो यामुळे. फोनवर स्पेक्ट्रम, म्हणजे कुठल्या फ्रिक्वेन्सीचा आवाज किती मोठा ते दाखवणारं ॲप लावून शेजारी बसलेल्याला सर्वांत उंच टोक बघायला सांगा. ते या आकड्याशी जुळलं तर दोष पाइपचा. गिअर बदलला, आरपीएम बदलला, तरी त्याच वेगाला आवाज तसाच राहत असेल तर तो टायरचा किंवा रस्त्याचा आहे. एक्झॉस्टवर पैसे घालू नका.

दोष पाइपचा निघाला, तरी कापाकापी करण्याआधी गाडी लिफ्टवर चढवा. पाइप हीट शील्डला किंवा बंपरला कुठे टेकतोय का? पाइप टांगणाऱ्या हँगरची रबरं जुनी होऊन ताणलीत का? काही जण हौसेने कडक पॉलियुरेथेनचे हँगर टाकतात आणि सगळं कंपन थेट बॉडीत पोचवतात. मूळ मऊ रबरं काही शे रुपयांत येतात. जॉइंटपाशी काळी काजळी दिसली की तिथे गळती आहे. ती आधी बुजवा, कारण तिथून फक्त आवाज नाही, कार्बन मोनॉक्साइडही निघतो आणि फ्लोअरच्या फटींतून तो आत येऊ शकतो.

आता मॅट, म्हणजे आवाज कमी करायला पत्र्यावर चिकटवायचं शीट. माझा पहिला खर्च इथेच झाला. बूट, स्टेपनीची खोबण, मागची सीट काढून खालचा पत्रा, सगळीकडे ब्युटाइल रबराचं शीट चिकटवलं. दारं बंद होताना जाडजूड, भारदस्त आवाज यायला लागला, खडी उडाल्याचा तडतडाट कमी झाला. घुमणं मात्र होतं तिथेच. का, ते नंतर कळलं. ब्युटाइल थरथरणारा पत्रा शांत करतं, हवेतून येणारा खालचा सूर अडवत नाही. तो अडवायला वजन लागतं, आणि वजन दुप्पट केलं तरी जेमतेम सहा डेसिबलचा फरक पडतो. फोमचं तर विचारूच नका: 100 हर्ट्झची लाट हवेत सुमारे 3.4 मीटर लांब असते, तिला दहा मिलिमीटरचा फोम काय शोषणार? हॅचबॅकमध्ये बूट आणि केबिन एकच पोकळी, त्यामुळे तिथे आणखी पंचाईत. मॅट लावायचीच असेल तर स्टेपनीची खोबण आणि मागचा फ्लोअर एवढ्यावर थांबा. पत्र्याचा पाव भाग झाकला तरी त्याचा बराच फायदा मिळतो. स्वस्तातलं डांबरी शीट नको, उन्हाळ्यात गाडीत वास सुटतो.

आणि मॅटने फक्त तुमचे कान सुटतात. सोसायटीतल्या काकांना आणि चौकातल्या पोलिसांना पूर्वीइतकंच ऐकू येतं.

म्हणून पाइपकडे. इथे दोन वेगळी औषधं आहेत आणि दुकानदार ती सर्रास एकाच नावाने विकतात. सरळ रेझोनेटर म्हणजे भोकं पाडलेला पाइप आणि भोवती ग्लास वूल. तो खरखर, पत्र्यासारखा कर्कश सूर छान मारतो, 95 हर्ट्झला फारसा हात लावत नाही. पण तुमच्या फिटरने बसवताना मधला डबा, म्हणजे हाच रेझोनेटर, उडवलाच असेल, तर तो परत आणणं हे पहिलं काम. शक्य तितका लांब आणि जाड घ्या, फक्त स्पीडब्रेकरला घासणार नाही इतपत. आतलं वूल वर्षानुवर्षांत जळून उडतं आणि आवाज पुन्हा वाढतो, हेही धरून चाला.

दुसरं औषध जे-पाइप: मुख्य पाइपला जोडलेली, दुसऱ्या टोकाला बंद फांदी. लाट आत जाते, टोकावर आपटून उलटी येते आणि मूळ लाटेला खोडते. फांदीची लांबी लाटेच्या एक चतुर्थांश हवी. गरम वायूत आवाज हवेपेक्षा वेगाने धावतो, त्यामुळे 95 हर्ट्झसाठी साधारण एक ते सव्वा मीटर लागते. नेमकी किती, ते वायूच्या तापमानावर ठरतं, म्हणून फॅब्रिकेटरला टोक आधी नुसतं टॅक मारायला सांगा, हायवेवर फिरवून आणा, कमीजास्त करा आणि मगच पक्कं वेल्डिंग. माझ्या गाडीला दोन फेऱ्या लागल्या. शंभरला घुमणं जवळजवळ गेलं, ऐंशीला थोडं उरलं, कारण या फांदीचा पट्टा अरुंद असतो. पुलिंगमध्ये जाणवेल असा फरक नाही, कारण मुख्य वाट मोकळीच राहते. एकाच वेगाला त्रास असेल तर याच्याइतकं नेमकं काही नाही. त्रास 2,000 ते 3,500 आरपीएम असा पसरलेला असेल तर मात्र मागचा डबाच, म्हणजे सायलेन्सर, बदला: मोठा, आत कप्पे असलेला. पाइपच्या टोकात खुपसायचे, आवाज दाबणारे डीबी किलर मी सुचवणार नाही. वाट चोंदते आणि घुमणं बहुधा राहतंच.

राहिला मूळ सायलेन्सर. कंटाळवाणा, पण कंपनीने त्याच गाडीच्या पोकळीसाठी जुळवलेला. आवाजाचे नियम मोडणाऱ्या गाडीला मोटार वाहन कायद्याच्या कलम 190(2) खाली 10,000 रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो, शिवाय लायसन्स तीन महिने जाऊ शकतं. केबिन कितीही शांत केली तरी हे कलम बाहेरच्या आवाजाकडे बघतं. महिन्यातून चार वेळा घरच्यांबरोबर हायवे असेल तर मी सरळ मूळ डबा परत लावायला सांगेन. एकट्याची, शनिवारची गाडी असेल आणि आवाज नियमात बसत असेल, तर मधला रेझोनेटर अधिक जे-पाइप.

काढलेला डबा भंगारात मात्र देऊ नका. माझा मी दिला होता, आणि नाना पेठेत तसाच दुसरा शोधण्यात तीन शनिवार गेले.