अ‍ॅलर्जीच्या दुधाचे डबे 'स्वस्तात' देणाऱ्यापासून सावध, माझे 23,050 गेले

ज्यांच्या बाळाला गाईच्या दुधाच्या प्रोटीनची अ‍ॅलर्जी आहे आणि वर रिफ्लक्स (प्यायलेलं दूध पोटातून परत वर येणं), त्यांनी वाचाच, कारण हा माणूस शोधून शोधून आपल्यालाच गाठतोय. माझं दूध लवकर आटलं, पोरगं प्रत्येक फीडनंतर ओकायचं, पाठ ताणून किंचाळायचं, शीतून रक्त दिसलं तेव्हा पुण्याच्या डॉक्टरांनी आधी हायड्रोलाइज्ड पावडर दिली, म्हणजे प्रोटीनचे बारीक तुकडे केलेली, तीही सोसेना म्हणून अमिनो अ‍ॅसिडवाली, जिच्यात अख्खं प्रोटीन नसतंच. 400 ग्रॅमचा डबा, 2,650 रुपये, आणि तो साडेतीन दिवसांत संपतो. हिशोब करा. आमचा सोलापूरचा मेडिकलवाला ठेवत नाही, ऑर्डर दिली की पुण्याहून मागवतो, तेही आलं तर आलं.

अशात एकाचा मेसेज आला, माझ्या मुलीची अ‍ॅलर्जी गेली, सीलबंद डबे उरलेत, 1,800 ला देतो. एक डबा कॅश ऑन डिलिव्हरी मागवला. खरा निघाला हो! सील, बॅच नंबर, एक्सपायरी सगळं नीट, डॉक्टरांनाही फोटो पाठवला. मग 12 डब्यांचे 21,600 आगाऊ मागितले, ते भरले की 'कुरिअर इन्शुरन्स, परत मिळेल' म्हणून 1,450. पुढचं तुम्हाला माहितीच आहे. ब्लॉक.

पैसे पाठवताना स्क्रीनवर नाव आलं ते कुठल्यातरी मोबाईल अ‍ॅक्सेसरीजच्या दुकानाचं. मी विचारलं सुद्धा! म्हणाला, भावाचं अकाउंट आहे ताई, माझं लिमिट संपलं. त्या नावाकडे बघत मी थांबले होते, अजून डोळ्यासमोर आहे ते नाव, पण खांद्यावर पोरगं ओकत होतं, डब्यात तळाला दोन फीडपुरती पावडर, आणि मागून सासूबाईंचं चालू, शेळीचं दूध द्या, आमच्या वेळी कुठे होती असली थेरं. (देऊ नका. शेळीच्या दुधातलं प्रोटीन गाईसारखंच असतं, देशी गाय असो की ए2 असो, अ‍ॅलर्जी तीच.) ज्यांनी मला 'शिकलेली असून कशी फसलीस' विचारलं त्यांनी एक रात्र असं बाळ खांद्यावर घेऊन बसून दाखवावं.

आणि एक. बाळाच्या दुधाच्या पावडरीची जाहिरात करायला, गिफ्ट-ऑफर द्यायला 1992 च्या कायद्यानेच बंदी आहे, म्हणजे कुणी 'ऑफर' घेऊन आलं की तिथेच शंका घ्यायची. हे नंतर मेडिकलवाल्याने सांगितलं, आधी सांगायला काय झालं होतं.

बँकेत गेले तर, पिन तुम्हीच टाकलाय मॅडम, आम्ही काय करणार, पोलिसात जा. चौकीत गेले तर सायबरला जा. सायबरला ऑनलाईन तक्रारीची प्रिंट आणा, प्रिंट नेली तर साहेब बंदोबस्ताला. साहेब भेटले तेव्हा आधी हसले, एवढं महाग दूध पाजता का, आम्ही म्हशीच्या दुधावर वाढलो. मी तिथे रक्ताच्या शीचे फोटो काढून दाखवले, काय करणार! मग विचारतात डब्यांचं बिल आहे का. अहो बिल देणारा असता तर मी तुमच्या दारात आले असते का? रक्कम छोटी आहे म्हणे. तुमच्यासाठी छोटी, आमचं महिनाभराचं बाळाचं पोट होतं ते. त्याचा नंबर चालू, खातं चालू, सगळं यांच्या टेबलावर ठेवलं तरी 'तपास सुरू आहे'.

कुणाचं असं झालं तर चौकी-बिकी नंतर, आधी 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला, फोन लावा, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठलं तर गोठलं. मी दुसऱ्या दिवशी केला, तोवर खात्यात काही उरलं नव्हतं. चॅट डिलीट करू नका, रागाने मी अर्धं केलं. आणि डबे संपत आले म्हणून पावडर पातळ करून देऊ नका, डॉक्टर ओरडले मला, बाळाचं वजन आणि रक्तातलं मीठ दोन्ही बिघडतं. डॉक्टरांनाच विचारा कोणाकडे स्टॉक आहे. नवरा पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन एमआरपीने दोन डबे घेऊन आला, पक्क्या बिलासकट.

काल मैत्रिणीच्या फोनवरून त्याला मेसेज करून बघितला. लगेच उत्तर, माझ्या मुलीची अ‍ॅलर्जी गेली ताई, सीलबंद आहेत. भाव आता 1,700.